दोन ठिपक्यांची धडक

भाऊजी स्टुलावर चढून दारावरची बेल दुरुस्त करत होते, म्हणून दाराशी आलेल्या मुलीला बेल वाजवायची वेळच आली नाही. ती स्टुलाशी येऊन उभी राहिली आणि भाऊजींच्या चपलांकडे बघत म्हणाली, "तपास करणाऱ्या बाई इथेच राहतात ना?"

"इथेच. मी त्यांचा दीर. बटणाला हात लावू नका, शॉक बसेल."

"बसू दे," ती म्हणाली. एखाद्याने 'पाणी नको' म्हणावं इतक्या सहज म्हणाली. भाऊजी खाली उतरले.

वहिनींचं ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. शाळेत भूमिती शिकवणं सोडल्यावर त्यांनी हा उद्योग सुरू केला आणि नोकरी सुटल्यावर भाऊजी त्यांच्यामागे फिरू लागले. गाडी चालवणं, ओझी उचलणं आणि चुकीचा निष्कर्ष सर्वांत आधी काढणं ही त्यांची कामं. तिन्ही ते मन लावून करत.

मुलगी पंचविशीची असावी. उजव्या तळहाताला पट्टी बांधलेली. खुर्ची तिने डाव्या हाताने ओढली.

"माझी थोरली बहीण गेली," ती म्हणाली. "आम्ही दोघी एकाच कंपनीत होतो. तिथल्या वरच्या मजल्यावरून ती खाली पडली. सगळे म्हणतात आमची धडक झाली आणि माझ्या धक्क्याने ती गेली. पोलिसांनी अपघात लिहून घेतलाय, मला शिक्षा वगैरे काही नाही. मला फक्त एवढंच कळायला हवंय की मी तिला ढकललं का. हो की नाही."

"तुला काय आठवतं?"

"धड काही नाही."

"घरी कोण आहे?"

"आई. ती विचारत नाही. जेवायला वाढते आणि माझ्या हातांकडे बघत बसते." तिचा आवाज सगळ्या वाक्यांना सारखाच होता. रडून झालेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. रडणं अजून पोचलंच नव्हतं तिच्यापर्यंत.

वहिनींनी चष्मा पुसला. "काम काय तुमचं? मला यातलं काही कळत नाही असं समजून सांग."

"समजायचं कशाला, मी आहेच," भाऊजी म्हणाले.

"टॅबलेट हातात धरायचा, त्याचा पट्टा गळ्यात. पडद्यावर समोरचा हॉलच दिसतो, पण त्यात पक्षी उडत असतात. खोटे. सगळ्यांना तेच पक्षी दिसतात आणि ते मिळून पकडायचे. पण माणसं पडद्यात बघत चालतात आणि एकमेकांवर आपटतात. ते आपटणं थांबवायचं, हेच आमच्या कंपनीचं खरं काम. आम्ही दोघी दिवसभर चालून बघायचो, थांबतंय का ते."

"आणि थांबवता कसं?"

"आधी पडदा लाल व्हायचा, टॅबलेट थरथरायचा. लोक दचकायचे, मजा जायची. मग नवी पद्धत आली. दोघं जवळ यायला लागले की सिस्टिम दोघांचे पक्षी गुपचूप थोडे बाजूला सरकवते. माणूस पक्ष्यामागे जातो, म्हणून तोही सरकतो. त्याला पत्ताच लागत नाही. ताईला ते पसंत नव्हतं. ती म्हणायची, यांना टॅबलेट कुठे आहे ते कळतं, माणूस कुठे आहे ते कळत नाही."

"म्हणजे?"

"हॉलमध्ये एक खांब आहे, त्यावर टॅबलेट टांगायचे हुक आहेत. एकदा कोणीतरी टॅबलेट बंद न करताच टांगला. बंद केला की पुन्हा सगळा हॉल त्याला फिरवून दाखवावा लागतो, म्हणून कंटाळा करतात सगळे. तर दिवसभर आम्ही खांबापासून लांबून चालत होतो. सिस्टिमला वाटलं तिथे माणूस उभा आहे. आम्ही त्याला खांबमामा म्हणायचो. 'आज खांबमामा आलेत वाटतं.'" गोष्ट हसण्याची होती हे तिला आठवलं असावं. ती थांबली.

"आणि त्या दिवशी?"

"मी आणि ताई, दोघीच होतो. ती समोरून येत होती, मी पडद्यात बघत होते. मग खांद्याला जोरात झटका बसला. मग खालून आवाज आला."

"कोणता खांदा?"

"उजवा. अजून हात वर जात नाही. काळंनिळं मात्र काही पडलं नाही. तळहात बहुतेक जमिनीवर घासला असेल."

वहिनींनी पट्टी सोडायला सांगितली. जखम भरत आली होती. बोटांच्या मुळांशी आडवी, सरळ रेघ होती. वहिनींनी ती नीट बघितली आणि पट्टी स्वतःच्या हाताने पुन्हा बांधली.

कंपनी एका जुन्या फर्निचरच्या दुकानात होती. वरचा मजला अर्धाच बांधलेला, त्याची एक बाजू खालच्या मजल्यावर उघडी. त्या बाजूला काचेचा कठडा होता. कठड्याची एक काच नवीकोरी होती. तिच्यावरचा कारखान्याचा कागद अजून निघाला नव्हता. कठड्यापासून थोडं आत खांब होता. खांबावर हुक, आणि हुकांच्या वर ठळक अक्षरांत लिहिलेली पाटी : बंद करूनच टांगा.

मालक गोल चेहऱ्याचे, घाम पुसत बोलणारे गृहस्थ होते.

"माझी चूक मी पोलिसांना सांगितली आहे, तुम्हालाही सांगतो," ते म्हणाले. "त्या काचेला तडा गेला होता. सकाळी देखभालीच्या काकांनी ती काढून नेली, मला सांगूनही गेले. चाचणी थांबवायला हवी होती. मी विसरलो. पण सिस्टिम बरोबर चालली होती, बाई. दोघी आदळल्या, त्याला सिस्टिम काय करणार?"

"थोरलीचं सामान?"

"टॅबलेट खाली फुटला. पट्टा वरच राहिला, कठड्याशी. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना सेफ्टी क्लिपा असतात. जोराने ओढलं की आपोआप सुटतात. कोणाचा गळा आवळू नये म्हणून. सुरक्षिततेत आम्ही कुठे कसूर करत नाही." आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी पुन्हा घाम पुसला.

प्रोग्रामर त्याच मजल्यावर, काचेच्या दाराच्या खोलीत बसे. किडकिडीत, दाढी वाढलेला तरुण. ही सरकवण्याची पद्धत त्याच्याच डोक्यातून निघाली होती. न विचारताच त्याने त्या दिवसाची नोंद पडद्यावर लावली.

वरून बघितलेला हॉल होता. दोन ठिपके, प्रत्येकाला चोच. टॅबलेटचं तोंड जिकडे, तिकडे चोच.

"भाऊजी, काय दिसतं ते मोठ्याने सांगा," वहिनी म्हणाल्या. "चष्मा धुरकट झालाय माझा." चष्मा स्वच्छ होता. भाऊजी दिसतं तेवढंच सांगतात आणि त्यात अक्कल मिसळत नाहीत, हा गुण वहिनी जाणून होत्या.

"दोन ठिपके कठडा आणि खांब यांच्यामधून समोरासमोर येतायत. आता दोन्ही कठड्याकडे सरकतायत. एकाची चोच आत वळली, खांबाकडे. तो तसाच मागे मागे जातोय. थांबला. दुसरा धावत आला, चिकटला. दोन्ही मिळून जरासे आत आले. मग पहिला बाहेर गेला. दिसेनासा झाला." भाऊजी थांबले. पहिला ठिपका म्हणजे कोण हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

"धडक स्पष्ट दिसतेय," प्रोग्रामर म्हणाला.

"टॅबलेट किती आहेत तुमच्याकडे?"

"तीन. तिसरा दुरुस्तीला माझ्या खणात असतो. त्या दिवशी वापरला नव्हता."

"पडल्याचा आवाज आला तेव्हा तुम्ही?"

"या खोलीत. धावत बाहेर गेलो."

"ही नोंद आणखी कोणी बघितली?"

"पोलिसांनी. मालकांनी. तिनेही," तो म्हणाला आणि टेबलावरच्या वायरी सरळ करू लागला.

इमारतीची देखभाल करणारे काका जिन्याखालच्या खोलीत भेटले. वयस्क, तोंडाने फटकळ.

"काच काढली, पिवळी फीत बांधली, मालकांना सांगितलं. आता फितीने माणूस अडतो होय? आवाज आला तसा मी जिना चढून वर धावलो. पोरगी कठड्याशी बसलेली, बोलेना, चालेना. साहेब खांबाशी उभे."

"कोणते साहेब?"

"ते कॉम्प्युटरवाले. पाठमोरे होते. म्हटलं, अहो, पोरीला धरा, तीही जाईल खाली. तर म्हणाले, मला चक्कर येतेय."

"खांबाला धरून उभे होते?"

काकांनी आठवून बघितलं. "धरून नाही. दोन्ही हात पोटाशी होते. मळमळत असेल. मग पोरीला मीच मागे ओढली."

गाडीत भाऊजींचा निष्कर्ष तयार होता. "वहिनी, मालकच. काच नाही हे त्याला एकट्याला माहीत होतं. विसरलो म्हणे!"

"काच नाही हे मालकांना आणि काकांना, दोघांना माहीत होतं. पण काच नसल्याने कोणी पडत नाही, भाऊजी. काच नाही तिथे कोणीतरी जावं लागतं. दोघींना तिकडे कोणी नेलं?"

"पक्ष्यांनी."

वहिनींनी त्यांच्याकडे वळून बघितलं. "कधीकधी तुम्ही मला घाबरवता. बरं, फोटोत सगळी माणसं मावत नसली की तुम्ही काय करता?"

"मागे सरकतो."

"आणि मेहुणीच्या लग्नात कुठे पडला होतात?"

"कारंज्याच्या हौदात. पण त्याचं आता काय?" भाऊजी दुखावून म्हणाले. घर येईपर्यंत वहिनी धाकटीच्या आवाजाचा विचार करत होत्या, आणि त्यांना फार वाईट वाटत होतं.

दोन दिवसांनी, भर दुपारी, वहिनींनी सगळ्यांना त्या हॉलमध्ये बोलावलं. मालक, प्रोग्रामर, काका, आणि खुर्चीत धाकटी. ती नव्या काचेकडे बघत होती. बघू नये असं तिला कोणी सांगितलं नाही.

"मी आणि भाऊजी जरा पक्षी पकडतो," वहिनी म्हणाल्या. "दोनच टॅबलेट. त्या दिवसासारखे."

दोघं कठडा आणि खांब यांच्यामधून समोरासमोर निघाले. भाऊजी हावऱ्यासारखे पक्ष्यामागे लागले. जवळ येता येता दोघंही आतल्या बाजूला सरकले, आणि भाऊजींचा खांदा खांबाला घासला.

"कुठे सरकलो आपण?"

"आत. हा काय, खांब लागला."

"बरोबर. नकाशात कठडा आहे, म्हणून सिस्टिम माणसाला कठड्याकडे ढकलत नाही, मोकळ्या जागेकडे नेते. मग नोंदीत दोन्ही ठिपके कठड्याकडे का गेले?" त्या प्रोग्रामरकडे वळल्या. "तुमच्या खणातला तिसरा टॅबलेट आणा. आणि चालू करा."

तो हलला नाही. मालकांनीच जाऊन आणला, चालू केला आणि त्याला सगळा हॉल फिरवून दाखवला. वहिनींनी तो पट्ट्याने हुकावर टांगला.

"आता परत."

या वेळी भाऊजींचा पक्षी दुसरीकडे गेला. भाऊजी कठड्याकडे सरकले. पक्षी हॉलच्या वर चढला, तो पडद्यात मावेना, म्हणून खांबाकडे तोंड करून ते एक पाऊल मागे गेले, आणखी एक गेले, आणि त्यांची पाठ नव्या काचेवर ठक् करून आपटली.

भाऊजींचा टॅबलेट कठड्याच्या आत, हातभर अंतरावर होता. टाच काचेला टेकली होती.

"सिस्टिमच्या लेखी भाऊजी अजून सुखरूप आहेत," वहिनी म्हणाल्या. "कारण टॅबलेट आत आहे. थोरली हेच सांगत होती आणि कोणी ऐकलं नाही. त्या दिवशी खांबावर तिसरा टॅबलेट चालू होता. सिस्टिमने तो माणूस समजला आणि दोघींना त्याच्यापासून लांब, कठड्याकडे नेलं. काच असती तर थोरलीची पाठ आपटली असती, चार शिव्या देऊन ती पुढे गेली असती. काच काढल्याचं मालक सांगायला विसरले. नकाशात ती तशीच होती."

"पण नोंदीत दोनच ठिपके आहेत," मालक म्हणाले.

"तिसरा पुसलाय. नोंद ज्याच्या हातात, त्यानेच. बाई खाली पडल्याचा आवाज येतो तेव्हा धावणारा माणूस कठड्याकडे जातो. हे खांबाकडे गेले. काकांनी पाठमोरे बघितले, हात पोटाशी. चक्कर आलेला माणूस खांब धरतो. यांनी काहीतरी पोटाशी लपवलं होतं."

प्रोग्रामर भिंतीला टेकून खाली बसला. त्याने पाटीकडे बोट केलं.

"ती पाटी मी लिहिलीय," तो म्हणाला. "मीच ओरडायचो सगळ्यांवर. सकाळी मी चालून बघत होतो, फोन आला, टांगला आणि गेलो. तेव्हा काच जागेवर होती. काच काढल्याचं मला कोणी सांगितलं नाही, शपथेवर सांगतो."

"ते मला खरं वाटतं. टांगणं ही चूक होती. अशी चूक इथे सगळ्यांकडून झालीय. नंतरचं चूक नव्हे."

"मला वाटलं, अपघात तर झालाच आहे. नोंद बघून सगळे म्हणायला लागले धडक झाली. तीही म्हणाली, माझाच धक्का असेल. मी तिला तसं वाटू दिलं." तो धाकटीकडे न बघता बोलत होता. "रोज ठरवायचो, उद्या सांगू."

मालकांनी फोन काढला, कोणाला लावावा हे न कळून तसाच धरून ठेवला. काका म्हणाले, "पोलिसांना लावा, आणखी कोणाला!" आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

धाकटीने मान वर केली. "म्हणजे आम्ही तिकडे गेलो ते यामुळे. पण धक्का? ठिपके चिकटले ना. तो धक्का माझाच."

"तेच सांगायचंय तुला," वहिनी म्हणाल्या आणि तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या. शाळेतला आवाज त्यांनी बाजूला ठेवला. "नोंद वरून बघितलेली आहे. वरून उंची दिसत नाही. मागे तोल गेलेला माणूस वरून जागच्या जागी उभा दिसतो. थोरलीचा ठिपका थांबला, तेव्हा ती थांबली नव्हती. तिचा तोल गेला होता. तू धावलीस ती त्यानंतर. उंचीही साठवता ना तुम्ही?" त्यांनी प्रोग्रामरला विचारलं.

"साठवतो," प्रोग्रामर खालूनच म्हणाला. "आधी ती खाली जायला लागते. मग ही धावते. मी बघितलंय."

"ऐकलंस? आता चिकटल्यावर काय झालं ते बघ. ढकललेला ठिपका लांब जायला हवा. भाऊजींनी जे दिसलं ते सांगितलं, दोन्ही जरासे आत आले. म्हणजे कोणीतरी आत ओढत होतं. तिचा पट्टा वर राहिला. तिला ढकललं असतं तर तो गळ्यातच खाली गेला असता. क्लिपा सुटतात त्या ओढल्यावर. तुझ्या तळहातावर बोटांच्या मुळाशी आडवी रेघ आहे. जमिनीवर घासलेल्या हाताला रेघ पडत नाही, खरचटतं. आणि आदळलेला खांदा काळानिळा पडतो. तुझा पडला नाही, पण हात वर जात नाही, कारण त्या हाताला एका माणसाचं ओझं बसलं होतं."

धाकटीने तळहात उघडला. त्याच्याकडे ती अशी बघत राहिली की जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

"तू तिला ढकललं नाहीस. तू तिला धरलं होतंस."

खाली रस्त्यावर कोणीतरी ट्रकचा मागचा दरवाजा आपटला. भाऊजींनी हातातला टॅबलेट बंद केला. तो टांगायला ते खांबाकडे वळले, थबकले, आणि टेबलावर ठेवून आले.

"धरलं होतं, तरी गेली," धाकटी म्हणाली.

"हो."

"क्लिपा नसत्या तर?"

"तर कदाचित तूही गेली असतीस. मला माहीत नाही. जे माहीत नाही ते मी सांगत नाही."

तिने मान हलवली. मग विचारलं, "किती वेळ धरलं होतं मी?"

वहिनींनी प्रोग्रामरकडे बघितलं. त्याने तोंड हातांनी झाकलं होतं. "फार नाही," तो म्हणाला. "पण तिची चोच तुझ्याकडे वळली होती. पडताना."

"म्हणजे तिला दिसलं. मी धरलंय ते."

"दिसलं असणार," वहिनी म्हणाल्या. "तुझ्याशिवाय तिथे बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं."

धाकटी रडली नाही. तिने डाव्या हाताने फोन काढला आणि आईला लावला. 

"आई," ती म्हणाली, "मी ताईला धरलं होतं गं. माझ्या हातातून सुटली."

पलीकडून काय उत्तर आलं ते कोणाला ऐकू गेलं नाही. ती फक्त ऐकत होती. मग म्हणाली, "हो. येते," आणि उठली. जिन्याशी पोचल्यावर तिचे पाय थांबले, तेव्हा भाऊजी पुढे झाले आणि तिच्या एक पायरी खाली राहून उतरू लागले.